सशाच्या कातड्याचे केस सुटतात तेव्हा

पोटावरून बोट फिरवलं आणि केसांचा पुंजका ओलसर पापुद्र्यासकट बोटाला चिकटून आला, तर ते साधं केस गळणं नव्हे, केस सुटणं. टॅक्सिडर्मीवाले, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून नमुना करणारे, त्याला स्लिपेज म्हणतात. इथे ससा म्हणजे पाळीव ससा: न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला किंवा घरातला मिश्र जातीचा, दोन ते तीन किलोचा. शाळा-कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या कपाटासाठी बहुधा हाच भरतात. रानससा, मुंगूस, उदमांजर यांचा मामला कायद्याचा आहे, तो शेवटी.

लक्षणं

सुटणं ठरावीक जागी सुरू होतं. पोटाचा मधला पट्टा, मांड्यांची आतली बाजू, कानांची मुळं आणि टोकं, डोळ्यांच्या कडा, ओठ, पंजांच्या बोटांमधल्या फटी. उघडी पडलेली जागा बुळबुळीत आणि चकचकीत दिसते. पोटाकडच्या कातड्याला आतून हिरवट झाक येते. वास आंबूस, बिघाड पुढे गेला असेल तर नाकात जाणारा. कधी कातडं सोलताना ठीक वाटतं आणि पिकलच्या, म्हणजे मीठ आणि आम्लाच्या पाण्याच्या, बादलीत दुसऱ्या दिवशी पापुद्रा तरंगायला लागतो. मग सगळे पिकलला दोष देतात, पण बिघाड त्याआधीच झालेला असतो.

याच्याशी गल्लत होते अशा चार गोष्टी आहेत. चुकीचा रोग धरला तर उपायही चुकतो, म्हणून आधी त्या बाजूला काढा.

ससा केस बदलत असेल तर मऊ आतली लव सुटी सुटी येते, मान आणि पाठीकडून जास्त. खालची त्वचा कोरडी आणि शाबूत असते, मुळाशी पापुद्रा नसतो. रंगीत सशाचं कातडं आतून पाहिलं तर अशा जागी काळे-निळे डाग दिसतात, कारण तिथे नवे केस उगवत असतात. असं कातडं भरायला निवडूच नये, आतून पांढरं असलेलं घ्यावं. पांढऱ्या सशात हे डाग दिसत नाहीत, तिथे खाली दिलेल्या चिमटीच्या तपासणीवरच भिस्त.

दुसरी खरूज. कानांच्या कडा, नाक आणि पंजांवर खपल्या आणि केस विरळ, हे जिवंतपणीच झालेलं असतं. खरजेचे किडे माणसालाही त्रास देतात. असा ससा सोलायचा नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आतून जास्त तासणं. सशाचं कातडं मुळात पातळ. सुरीनं आतून केसांची मुळंच कापली गेली की केस ब्रशबरोबर निघतात, पण वास नसतो, बुळबुळ नसते.

चौथी कसर. ही भरून झाल्यावर महिन्यांनी लागते. केस मुळाशी कुरतडलेले असतात, खाली भुशासारखी पूड आणि अळ्यांच्या बारीक काती सापडतात. अख्खा नमुना प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. पिशवी बाहेर काढल्यावर आतला नमुना खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर दंव धरतं.

हे होतं कशानं

केस धरून ठेवते ती बाह्यत्वचा, कातड्याचा वरचा अगदी पातळ थर. केसाची पिशवी या थरातूनच आत गेलेली असते. प्राणी मेल्यावर पेशींमधले स्वतःचे पाचक रस आणि आतड्यातले, कातड्यावरचे जीवाणू मिळून बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड त्वचा यांच्यातला सांधा सैल करतात. जाड त्वचा मात्र बरेच दिवस मजबूत राहते. म्हणून कातडं ओढून पाहिलं तर दणकट लागतं आणि तरी केस हातात येतात.

अथणी-निपाणी पट्ट्यात चपलांसाठी कातडं कमावताना हेच मुद्दाम करतात. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवायचं, केस सैल झाले की खरवडून काढायचे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूरही आहेत, म्हणजे कातड्याची जाण असलेली माणसं इथे शेजारीच भेटतात. तासायचं कसं, धार कशी लावायची, कातडं कुठे पातळ असतं हे त्यांना जरूर विचारा. फक्त चुना, राख आणि धुण्याचा सोडा या तीन गोष्टी केसांसकट ठेवायच्या कातड्याजवळ आणू नका, मग सल्ला कितीही अनुभवी माणसाचा असो.

पहिली तपासणी: चिमूट

खर्च काही नाही. अंगठा आणि तर्जनीत आठ-दहा केस धरा आणि केसांच्या दिशेनं हलकेच ओढा. उलट्या दिशेनं ओढू नका, चांगलेही केस येतील. क्रम असा: मांडीची आतली बाजू, पोट, कानाचं मूळ, ओठाची कड, पंजा, आणि शेवटी पाठ. पाठीवर सुटत असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, कारण पाठ सगळ्यांत शेवटी जाते.

ही परीक्षा चार वेळा करायची: सोलण्याआधी, सोलल्यावर, मीठ झटकल्यावर आणि पिकलमध्ये 24 तास झाल्यावर. कधी सुरू झालं ते कळलं तर कारण शोधणं सोपं जातं. एकदाच, अगदी शेवटी पाहिलं तर सगळ्याच पायऱ्यांवर संशय.

दुसरी तपासणी: घड्याळ आणि थर्मामीटर

यालाही पैसे लागत नाहीत आणि बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. कागदावर चार वेळा लिहा: ससा कधी मेला, कधी थंडीत गेला, कधी बाहेर काढला, कातडं कधी सोललं. एप्रिल-मेमध्ये अथणी, रायबागकडून मेलेला ससा गाडीच्या डिकीत घालून बेळगावपर्यंत आणला की पोट वाटेतच गेलेलं असतं. सशाची लव म्हणजे गोधडीच, शरीराची ऊब ती आत कोंडून ठेवते. त्यातच आतडी भरलेली. सशाचं आंधळं आतडं मोठं असतं आणि आंबवण्याचं काम त्यातच चालतं, म्हणून पोट आधी फुगतं, मग हिरवट होतं.

लगेच सोलता येत नसेल तर ससा पातळ पिशवीत घाला आणि पिशवीबाहेरून पोटाशी बर्फ लावा. केस ओले होता कामा नयेत. मग दोन-तीन तास फ्रिजच्या साध्या कप्प्यात, आणि त्यानंतरच फ्रीझरमध्ये, हवा काढलेल्या दुसऱ्या पिशवीत. गरम ससा थेट गच्च भरलेल्या फ्रीझरमध्ये कोंबला तर बाहेरून कडक होतो आणि आतून बराच वेळ कोमट राहतो. हा बिघाड बाहेरून दिसत नाही.

वितळवताना उलट होतं. कान आणि पंजे पातळ, ते आधी सुटतात, पोटाचा गोळा शेवटी. ओट्यावर ठेवलेल्या सशाचं पोट दगडासारखं असताना कान तासन्‌तास गरम हवेत कुजत असतात. म्हणून फ्रिजमध्येच वितळवा, अडीच किलोच्या सशाला 18 ते 24 तास लागतात. कान आधी मऊ झाले तर ओल्या नव्हे, बर्फावर ठेवून गार केलेल्या कोरड्या फडक्यात गुंडाळा. एकदा वितळलेला ससा पुन्हा गोठवू नका.

पावसाळ्यात लाईट रात्रभर जाते तेव्हा फ्रीझरमध्ये एक साधी युक्ती ठेवा. वाटीभर पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक नाणं. दोन दिवसांनी नाणं वाटीच्या तळाशी गोठलेलं दिसलं, तर फ्रीझर मधे वितळला होता. त्या काळात आत असलेल्या सशावर मेहनत घालण्याआधी चिमटीची परीक्षा दोनदा करा.

तिसरी तपासणी: मीठ

किराणा दुकानात खडे मीठ आणि बारीक मीठ दोन्ही मिळतं. सशासाठी बारीक घ्या, शक्यतो आयोडीन नसलेलं. खडे मोठे असले की दोन खड्यांमध्ये कोरडी जागा राहते आणि सुटणं नेमकं तिथून सुरू होतं. जाडं मीठच हाताशी असेल तर मिक्सरमधून काढा.

मीठ लावण्याआधी मांस आणि चरबी खरवडून काढलेली हवी. मीठ चरबीतून आत शिरत नाही. कातड्याच्या वजनाइतकं मीठ, म्हणजे साधारण 300 ग्रॅम कातड्याला 300 ग्रॅम, आतल्या बाजूला चोळून घ्यायचं. कडा, पायांच्या नळ्या आणि तोंडाभोवती जास्त. कातडं तिरक्या फळीवर ठेवा, सुटणारं पाणी वाहून गेलं पाहिजे. त्या पाण्यात कातडं पडून राहिलं तर मीठ लावून न लावल्यासारखंच. 12 ते 24 तासांनी ओलं मीठ झटकून नवं लावा आणि आणखी एक दिवस थांबा. सशाचं कातडं त्याहून जास्त कडक वाळवू नका, नाहीतर पुढे भिजवायला वेळ लागतो आणि त्या भिजवण्यातच जीवाणूंना दुसरी संधी मिळते.

झटकलेलं मीठ परत वापरायचं नाही. मिठातही जगणारे जीवाणू असतात. खारवलेल्या कातड्यावर कधी लालसर डाग येतात ते त्यांचेच. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर मीठ पोत्यातच ओलं होतं. तव्यावर परतून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेलं वापरा.

चौथी तपासणी: पिकलचा पीएच

चार लिटर पाणी, 450 ग्रॅम मीठ, 90 ग्रॅम लिंबूसत्त्व. याचा पीएच (आम्लाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास येतो. एका सशाच्या कातड्याला एवढं पुरे. बादली प्लास्टिकची. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, लोखंडी घमेलं नको. मीठ आधी पूर्ण विरघळवा, मग लिंबूसत्त्व. मिठाशिवाय नुसत्या आंबट पाण्यात कातडं घातलं तर ते फुगून जेलीसारखं होतं आणि परत ठिकाणावर येत नाही.

पट्टी लावून बघणं आवश्यक आहे. निळा-लाल लिटमस फक्त आम्ल आहे की नाही एवढंच सांगतो, त्याचा इथे उपयोग नाही. आकडे दाखवणारी पट्टी हवी, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात स्वस्तात मिळते. वाचन तीनदा: कातडं घालण्याआधी, तासाभरानं, बारा तासांनी. कातडं आम्ल पिऊन घेतं, त्यामुळे पीएच चढतो. 2.5 च्या वर गेला की कातडं बाहेर काढा, 15 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, पुन्हा पट्टी लावा, मग कातडं आत. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातला चुनाच काही आम्ल खाऊन टाकतो, तिथे सुरुवातीलाच थोडं जास्त लागतं.

तीन दिवस ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा हातानं हलवा. घडी पडलेल्या जागी पाणी पोचत नाही. पाणी 25 अंशांखाली राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात पाण्याची गोठवलेली बाटली झाकण लावून बादलीत सोडा, बर्फ थेट टाकला तर पिकल पातळ होतं.

तुरटीबद्दल हमखास विचारलं जातं. तुरटीनं बाह्यत्वचा आवळते हे खरं, आणि कमावण्याच्या पायरीला ती जुनी आणि चांगली आहे. पण तिच्या पाण्याचा पीएच 3 च्या पुढेच राहतो, म्हणून पिकलच्या जागी ती चालत नाही. टाकणखार (बोरॅक्स) तर त्याच्या उलट टोकाला, 9 च्या आसपास. टाकणखार पिकलमध्ये टाकला की आम्ल मारलं जातं. तो कोरडा, भरतानाच्या पायरीवर, कसर लागू नये म्हणून. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर म्हणजे टाकणखार नव्हे. दोन्ही पांढऱ्या असल्यामुळे ही अदलाबदल वारंवार होते.

पाचवी तपासणी: जिथे मीठ पोचलंच नाही

वरचं सगळं बरोबर असून फक्त कान, तोंड, पंजे किंवा शेपटी सुटत असेल तर दोष रसायनाचा नाही, सुरीचा आहे. हे काम अवघड आहे आणि घाईत सगळ्यांत जास्त टाळलंही जातं.

सशाच्या कानात दोन कातड्यांमध्ये कूर्चा असते. ती जागेवर राहिली तर मीठ आणि पिकल एकाच बाजूनं जातात आणि कानाचं टोक आतून कुजतं. मुळाशी, कानाच्या मागच्या बाजूनं सुरुवात करा. बोथट, गुळगुळीत लाकडी काडी घ्या, आइस्क्रीमची काडी कडा घासून चालते. कूर्चा आणि मागचं कातडं यांमध्ये ती हळूहळू सरकवत टोकापर्यंत न्या, कान मोज्यासारखा उलटा झाला पाहिजे. कडेचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर चिकट असतात. तिथे जोर केला की भोक पडतं, सोडून दिलं की केस सुटतात. कातडं ओलसर ठेवून, काडी आडवी हलवत जा. एका कानाला अर्धा तास लागला तरी चालेल, तेवढा वेळ दुसरा कान थंड फडक्यावर असू द्या.

ओठ आतून चिरून पुस्तकासारखे उघडा. पापण्यांचंही तेच. नाकातली कूर्चा पातळ करा. पंजे शेवटच्या पेरापर्यंत सोला, नखं तेवढी कातड्याला राहू द्या. सशाच्या तळव्याला गादीऐवजी दाट केस असतात, त्यामुळे आतलं मांस दिसत नाही आणि तसंच राहून जातं. शेपटीचं हाड ओढून काढल्यावर खालून चीर द्या, बंद नळीत पिकल आत जात नाही.

सहावी तपासणी: पिकलनंतर

पिकलमधून निघालेलं कातडं सुरक्षित असतं, पण फार वेळ नाही. त्यातलं आम्ल उतरवायला चार लिटर पाण्यात 30 ग्रॅम खाण्याचा सोडा, 15 ते 20 मिनिटं, मग साध्या पाण्यात खंगाळणं. पीएच 4 ते 5 दरम्यान आला की पुरे. अर्धा तास विसरलं आणि 7 च्या पुढे गेलं तर आधीची मेहनत वाया जाऊ शकते. गजर लावा.

भरून झाल्यावरचं वाळवणं हा पावसाळ्यातला वेगळा अडथळा. कमावलेलं कातडं भरल्यावर दोन ते तीन आठवडे वाळतं. हवा दमट असेल तर कान आणि नाक आठवडाभर ओलेच राहतात. पंखा सतत, पण थेट तोंडावर नको. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात साधा 60 वॅटचा पिवळा बल्ब लावून, खोक्याला वर भोकं पाडून ठेवलं तर तळकोकणासारख्या हवेतही वाळतं. बल्ब पुठ्ठ्यापासून आणि केसांपासून हातभर लांब, आणि घरात कुणी नसताना बंद. प्लास्टिकनं झाकू नका. उन्हात ठेवलं तर कान आवळून वाकडे होतात.

सुटलंच तर

सुटणं लक्षात आलं त्या क्षणी विंचरणं, धुणं, चोळणं बंद. कातडं 2 पीएचच्या ताज्या, थंड पिकलमध्ये. सुटणारी जागा लहान असेल तर आतल्या बाजूनं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसानं लावता येतं, त्यानं सांधा काही अंशी आवळतो. गेलेले केस परत येत नाहीत, उरलेले थांबतात एवढंच. जवळ पेटती वस्तू नको.

फॉर्मालिन सुचवणारे भेटतात. त्यानं केस खरंच घट्ट होतात, पण कातडं पुठ्ठ्यासारखं होऊन ताणलं जात नाही, आणि त्याची वाफ कर्करोगकारक आहे. घरात किंवा शाळेच्या वर्गात तर नाहीच. वाफ ओढून घेणारं कपाट असलेल्या प्रयोगशाळेतच, आणि तेही माहीतगार माणसाच्या हातून.

नाण्याएवढी टक्कल पडलेली जागा झाकता येते. पापुद्र्यासकट निघालेला तुकडा फेकू नका, अल्कोहोलमध्ये बुडवून कागदावर सपाट वाळवा. नमुना पूर्ण वाळल्यावर फेविकॉलच्या पातळ थरावर चिकटवा. तुकडा नसेल तर त्याच सशाच्या, न दिसणाऱ्या जागेचे केस चिमट्यानं थोडे थोडे लावायचे. क्रम घराला कौलं घालतात तसा: शेपटीकडच्या ओळीपासून सुरुवात, प्रत्येक पुढची ओळ मागच्या ओळीच्या मुळांवर. डोक्याकडून सुरू केलं तर प्रत्येक जोड उघडा दिसतो.

त्याहून मोठी जागा असेल तर ठिगळ. त्याच रंगाच्या दुसऱ्या कमावलेल्या कातड्यातून, केसांची दिशा जुळवून, आतल्या बाजूनं ब्लेडनं कापा. कात्रीनं कापलं की केसही कापले जातात आणि शिवण रेघेसारखी दिसते. शिवण आतून, बारीक सुईनं, भरण्याआधी.

थांबायचं कधी

तळहाताहून मोठा पट्टा गेला, चेहऱ्यावर दोन जागी सुटलं, किंवा पीएच नीट असून 24 तासांनंतरही पसरतंय, तर घरचा प्रयोग थांबवा. ससा कुणाचा लाडका असेल आणि दुसरा मिळणार नसेल तर पहिला कान सोलण्याआधीच टॅक्सिडर्मीचं काम करणाऱ्याकडे द्या, गोठवलेला आणि न सोललेला. अर्धवट सोललेलं, सुटलेलं कातडं घेऊन गेलात तर त्याच्याही हातात फारसं उरत नाही.

ससा आजारानं मेला असेल, कारण माहीत नसेल किंवा एकाच पिंजऱ्यातले दोन-तीन पाठोपाठ गेले असतील तर सुरी लावू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

आणि रानातलं काही असेल तर प्रश्न केसांचा राहतच नाही. खानापूरच्या रस्त्यांवर, भीमगड अभयारण्याच्या आसपास, गाडीखाली आलेले प्राणी दिसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता असतो आणि कलम 44 प्रमाणे टॅक्सिडर्मीच्या व्यवसायाला परवाना लागतो. वनखात्याला कळवा, हात लावू नका, फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नका.

वाया गेलेलं कातडं ओढ्यात किंवा कचराकुंडीत टाकू नका, कुत्री ओढून नेतात. विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा काढून पुरा. तिथे मात्र वरून चुना टाकला तर चालतो.